सावरीचा उंबरठा

घ्या पाय आत पांघरुणात. बन्या, तुझे पाय बर्फाचे आहेत, ते शकूला लावू नकोस, नाहीतर ती ओरडेल आणि माझी गोष्ट बिनसेल. आणि हुंकार द्यायचा, बरं का. ज्याचा हुंकार थांबला त्याची गोष्ट तिथेच थांबली. मी काही भिंतींना गोष्टी सांगत नाही.

तर एक होता राजा. नाव त्याचं जयवंत. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं राज्य. घोडे होते, हत्ती होता, तुपाने भरलेले रांजण होते. पण एक गोष्ट नव्हती. बहीण नव्हती. भाऊबीज आली की गावातले सगळे बाप्ये ओवाळून घ्यायचे आणि कपाळावर कुंकू मिरवत हिंडायचे. अगदी गोठ्यातला गडीसुद्धा. आणि राजा बसायचा कोरं कपाळ घेऊन. फार वाईट वाटायचं त्याला.

मग एका भाऊबिजेला तो उठला आणि नदीवर गेला. नदीचं नाव सावरी. पावसाळ्यात डोंगरातून उड्या मारत यायची, राजाच्या गावावरून वाहायची आणि पुढे निघून जायची. पुढे म्हणजे कुठे? ते गावात कुणीच डोळ्यांनी बघितलं नव्हतं, एक राणी सोडून. राणीचं पुढे येईल, दम धरा. राजा काठावर बसला आणि म्हणाला, बाई गं, तू दरवर्षी माझ्या दारावरून जातेस, माझी बहीण होशील का?

आणि काय सांगू! पाणी हललं, आणि पाण्यातून एक बाई वर आली. हिरवं लुगडं, ओले मोकळे केस, पायात गोट्यांचे तोडे. जिथे पाऊल ठेवील तिथे ठसा पाण्याने भरून जाई. राजाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, दिवा ओवाळला.

काय म्हणतोस बन्या? ओल्या हातात दिवा विझला कसा नाही? अरे, बहिणीच्या हातातला दिवा तो. विझेल कसा? मधे मधे असे फाटे फोडू नकोस.

तेव्हापासून दरवर्षी ती यायची. पावसात माहेरी यायची, भाऊबिजेपर्यंत राहायची, मग सासरी निघायची. आता माहेरवाशीण निघते तेव्हा 'जाते' म्हणत नाही, माहीत आहे ना? ती म्हणते, 'येते.' मग भाऊ म्हणतो, 'ये हो.' तेव्हा ती पाऊल उचलते. भावाने 'ये' म्हटलं नाही तर ती उंबऱ्यातच उभी राहणार. सावरीही तशीच. ती म्हणायची, दादा, येते. राजा म्हणायचा, ये. मग ती खळखळत निघून जायची.

पण ती गेली की गावाचे हाल व्हायचे. ती असेल तिथेच पाणी असणार ना? होळीपर्यंत कसंबसं निभायचं. चैत्रात विहिरी तळाला जायच्या. बायका नदीच्या वाळूत झिरे खणायच्या, म्हणजे खड्डे हो, आणि त्यात पाझरलेलं पाणी वाटी वाटीने घागरीत भरायच्या. एक घागर भरेस्तोवर कडेवरचं पोर झोपून जायचं. मग लोक कुरकुरायचे. म्हणायचे, एवढं पाणी घेऊन ही जाते कुठे? म्हणे समुद्राला. समुद्राला काय पाण्याची वाण आहे? तिथे नेऊन ओतायचं आणि आम्ही इथे वाळू चाटायची? त्यांचंही खोटं नव्हतं. तहान लागली की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

मग राजाने काय केलं? पुढच्या भाऊबिजेला सावरीला म्हणाला, थोडी राहा की गं. सावरी हसली आणि राहिली. तेवढ्यात लोकांनी पाट काढले, गव्हाला पाणी दिलं, हरभऱ्याला दिलं. गहू असा आला म्हणता! घरोघरी पुरणपोळ्या झाल्या. मग राजा म्हणाला, ये. ती गेली.

दुसऱ्या वर्षी राजा म्हणाला, होळी करूनच जा. ती राहिली, पण हसली नाही. म्हणाली, दादा, तिकडे माझी वाट बघत असतील. गेली मात्र होळीनंतरच. तोवर लोकांनी काय केलं होतं? ऊस लावला होता. आता उसाची तहान तुम्हाला माहीत नाही. सकाळी पाजा, संध्याकाळी पुन्हा आ करून उभा. गहू बिचारा चार घोट पिऊन गप्प बसतो. ऊस काही गप्प बसत नाही. पण गूळ गोड लागला ना लोकांना! मग जिकडेतिकडे ऊस. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं आपण नुसतं म्हणतो. ते लोक मुळासकट खायला बसले.

तिसऱ्या वर्षी लोक राजाकडे आले. म्हणाले, महाराज, आता तिला सोडूच नका. राजालाही ते हवंच होतं. त्याने काळे दगड आणले, चुना आणला, शिसं ओतलं, आणि नदीच्या पात्रात ह्या काठापासून त्या काठापर्यंत भिंत घातली. हत्तीच्या डोक्याहून उंच. भाऊबीज झाली. सावरीने ओवाळलं, लुगडं सावरलं आणि म्हणाली, दादा, येते.

राजा 'ये' म्हणाला नाही. तो म्हणाला, "आता कुठे जायचं नाही. हे घर तुझंच आहे. राहा."

सावरी त्याच्याकडे बघत राहिली. मग भिंतीशी जाऊन बसली. 

झोपलात की काय? शकू, हुंकार दे. हां.

आता राणी. राणीचं नाव पवळा. तिचं माहेर पार खाली, नदीच्या मुखाशी, खाडीकाठी. लग्न होऊन ती नावेतून ह्याच नदीने वर आली होती. बाई मोठी चौकस. हे असं का, ते तसं का, सारखं विचारायची. राजवाड्यातले लोक कंटाळून जायचे. भिंत झाल्यावर तिने राजाला विचारलं, सावरीवन्सं गेल्या नाहीत तर खालच्या गावांचं काय हो? राजा म्हणाला, त्यांना आहे की समुद्र. तिने विचारलं, समुद्र पितात का? राजा म्हणाला, तू ना, फार प्रश्न विचारतेस.

मग काय झालं? भिंतीमागचं पाणी हळूहळू हिरवं पडलं. वर शेवाळ धरलं, वास यायला लागला. सावरीच्या केसांत जटा झाल्या. आधी तिचं हसणं गेलं, मग बोलणं गेलं. राजा तिच्यासाठी लाडू न्यायचा. ती हातात धरून बसायची, खायची नाही. राजाला वाटायचं, होईल सवय.

आणि इकडे राणीला दिवस गेले. सातवा संपला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. राणीला डोहाळे लागले होते आईच्या विहिरीच्या पाण्याचे. काही बायका चिंचा मागतात, काही माती खातात, हिला ते पाणी हवं. नारळीच्या मुळांतून झिरपून येतं, त्याला गोडी असते म्हणायची. पण नाव जाणार कशी? भिंतीच्या खालच्या अंगाला नदी होतीच कुठे? नुसते धोंडे. मग राणी पालखीतून निघाली, कोरड्या पात्राच्या कडेकडेने.

वाटेत पहिलं गाव लागलं. राणीने विहिरीचं पाणी मागितलं. पाणी गोड होतं, पण पोहरा तळाला खडखडत होता. दुसरं गाव लागलं. तिथलं पाणी तोंडात घेतलं आणि राणी थबकली. मचूळ! तिने लोकांना विचारलं, हे केव्हापासून? लोक म्हणाले, कुणीतरी करणी केलीय. राणी म्हणाली, करणी कशी चवीला खारट असेल?  मग आलं तिचं माहेर. आई दारात उभी होती. तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या पायांवर पाणी घातलं, पदराने तिचं तोंड पुसून आत घेतलं. राणी म्हणाली, आई, आधी आपल्या विहिरीचं पाणी दे. आई जागची हलेना. राणीने स्वतःच तांब्या उचलला आणि एक घोट घेतला. मिठासारखं खारट! आई रडायला लागली. म्हणाली, लेक पहिलटकरीण घरी आली आणि तिला द्यायला माझ्याकडे घोटभर गोड पाणी नाही. खाडीकाठची भातं जळून गेली होती. लोक शहाळ्यांच्या पाण्यावर दिवस काढत होते.

दुसरी कुणी असती तर रडत बसली असती. राणीला मात्र प्रश्न पडला. विहिरीत मीठ टाकलं कुणी? ती पोट सावरत, काठी टेकत नदीच्या पात्रात उतरली. बघते तर काय? जिथे सावरी वाहायची तिथे एक भला थोरला माणूस उभा. पांढरी दाढी, अंगाला शिंपले चिकटलेले, गुडघ्यापर्यंत लाटा. अरे, तो दर्या होता, समुद्र! एका विहिरीत वाकून बघत होता. वाकला की दाढीतून पाणी ठिबकायचं विहिरीत. आता कळलं मीठ कुठून आलं?

राणी घाबरली नाही. तिने विचारलं, बाबा, तुमचं घर सोडून इकडे कुठे? दर्या म्हणाला, "माझी बायको माहेरी गेली, ती आलीच नाही. तिला शोधत निघालोय. वाटेतल्या एकेका विहिरीत डोकावतो, तिथे बसली असेल तर." बिचाऱ्याला रागसुद्धा आला नव्हता. थोडं वर चढायचं, विहिरीत बघायचं, हाका मारायच्या, पुन्हा थोडं वर चढायचं. जाईल तिथे मीठ. त्याचा तरी काय दोष?

राणीने त्याला सांगितलं, तिला तिच्या भावाने ठेवून घेतलंय, आणि ती आईकडे परतली.  यथावकाश तिला मुलगी झाली, गोरीपान, मोठी रडकी. राजाला निरोप गेला. राजाने साखर वाटली. मग त्याने पालखी पाठवली, बायको-मुलीला घेऊन या. पालखी रिकामी परत आली. दुसऱ्यांदा पाठवली. रिकामी आली. तिसऱ्यांदा पाठवली. पुन्हा रिकामी! राजवाड्यात पाळणा टांगलेला, आणि आत कुणी नाही. राजाला जेवण गोड लागेना. शेवटी काय, स्वतःच निघाला. घोड्यावरून निघाला, पण पात्रातले धोंडे बघून घोडा बिथरला. मग उतरून चालत निघाला. गावोगाव विचारत, माझी राणी बघितलीत का?

चालता चालता तहान लागली. दुसऱ्या गावात पाणी प्यायला आणि थुंकला. पुढे निघाला. तर पात्रात धोंड्यावर एक पांढऱ्या दाढीचा माणूस बसलेला, दमून गेलेला. राजाही दमलेला. तोही शेजारी टेकला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. राजाने विचारलं, कुठे निघालात? तो म्हणाला, बायकोला न्यायला. माहेरी गेलीय, मेहुण्याने ठेवून घेतलीय. राजाला त्याचा फार कळवळा आला. म्हणाला, काय माणूस आहे हो तुमचा मेहुणा! बहिणीला असं कुणी अडवतं का? मीही बायकोलाच न्यायला निघालोय. तिच्या माहेरच्यांनी ठेवून घेतलीय. अगदी निर्दयी लोक.

हसताय? हसा. राजालाही थोड्या वेळाने कळलं. त्याने शेजाऱ्याच्या दाढीतलं मीठ बघितलं. शिंपले बघितले. हळूच विचारलं, तुमच्या बायकोचं नाव काय? तो म्हणाला, सावरी.

राजाची मान खाली गेली ती वर येईना. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाळांनो. आता त्याचंच जळत होतं. तो उठला, त्याने दर्याला हात जोडले, आणि तसाच राणीच्या दाराशी गेला. राणी मुलीला खांद्यावर घेऊन उंबऱ्यात उभी होती. राजा काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "तुमची बहीण तिच्या घरी आली की मी माझ्या घरी येईन." मुलीचं तोंड मात्र दाखवलं तिने. तेवढी काही कठोर नव्हती.

राजा आल्या पावली परत फिरला. गावात येऊन म्हणाला, भिंत पाडा. तर सगळं गाव आडवं आलं. बायका पुढे झाल्या. म्हणाल्या, महाराज, पाडा खुशाल, पण चैत्रात आमच्या पोरांना प्यायला काय देऊ? पुन्हा वाळू खणायची?  त्यांचंही खरं होतं. ठेवावी तर खालचे मरतात, पाडावी तर वरचे मरतात. करावं काय माणसाने?

मग त्याच्या लक्षात आलं. इतकी वर्षं झाली, सगळ्यांना विचारलं, पण सावरीला कुणी विचारलंच नाही. तो भिंतीशी गेला, शेवाळात बसला आणि म्हणाला, ताई, चुकलो. तूच सांग.

आणि किती तरी दिवसांनी सावरी बोलली. म्हणाली, "दादा, माहेरी हात रिकामे करून जावं, हे मला कळतं. पण मला भिंत घालू नकोस. उंबरठा घाल."

राजाने विचारलं, केवढा? सावरी उभी राहिली. म्हणाली, कडेवर पोर आणि डोक्यावर भरली घागर घेऊन बाईला ओलांडता येईल, एवढाच. त्याच्या आत जे राहील ते तुमचं. वरून जे जाईल ते माझं. आणि मधला एक धोंडा सैल ठेव. चैत्रात तो काढायचा. खालच्या लेकरांनाही तहान लागते.

मग सगळं गाव भिंतीला लागलं. वरचे दगड उतरवले, उतरवले, उतरवले, आणि राहिला एवढासा उंबरठा. त्याच्या आत पाणी साठलं, ते पाटांनी शेतांत गेलं. गव्हाला मिळालं, हरभऱ्याला मिळालं. ऊस? ऊस एका कोपऱ्यात राहिला, सणाच्या गुळापुरता. झाली थोडी कुरकुर. होतेच. पण प्यायचं पाणी आधी, हे बायकांनी ठणकावून सांगितलं, आणि त्यांच्यापुढे कुणाची बिशाद आहे बोलायची?

सावरीने जटा सोडवल्या. पदर खोचला. उंबरठ्याशी आली आणि म्हणाली, दादा, येते.

सगळे राजाकडे बघायला लागले.   सावरी तशीच उभी. मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "ये हो."

आणि ती निघाली! उंबरठा ओलांडला आणि धावली, धोंड्यांवरून उड्या मारत, गोट्यांचे तोडे वाजवत. पहिल्या गावाची विहीर भरली. दुसऱ्या गावाची विहीर गोड झाली. धोंड्यावर बसलेल्या दर्याने तिचा आवाज ऐकला, उठला, आणि दाढी पुसत पुसत उलट्या पावलांनी आपल्या घरी जाऊन दारात उभा राहिला. जावई घरी गेला म्हटल्यावर मीठही त्याच्याबरोबर गेलं.

मग थोड्या दिवसांनी वर एक नाव आली. उंबरठ्यापाशी येऊन थांबली. काठावर गाव जमलेलं, राजा पुढे. नावेतून पवळाराणी उतरली. कडेवर तीच रडकी मुलगी, डोक्यावर आईच्या विहिरीच्या पाण्याची घागर. राजा हात द्यायला पुढे झाला. तिने मानेनेच नको म्हटलं. लुगडं जरा वर धरलं, पाऊल उचललं आणि उंबरठा ओलांडून आत आली. घागर डचमळलीसुद्धा नाही. आत आल्यावर तिने घागर उतरवली आणि राजाला ओंजळ धरायला लावली. राजा ते पाणी प्यायला. गोड लागलं त्याला.

पुढे सगळे सुखाने राहिले. वरचे राहिले, खालचे राहिले. अजूनही कुणाला हाव सुटते, बरं का. कुणीतरी उठतो, म्हणतो, उंबरठ्यावर एकच दगड चढवू या. मग गाव म्हणतं, चढव ना. आधी तुझ्या बायकोला बोलाव, पोर कडेवर दे, भरली घागर डोक्यावर दे, आणि ओलांडून दाखव म्हणावं. तो घरी जाऊन बायकोला विचारतो. बायको काय सांगते कोण जाणे, परत काही तो येत नाही.

झालं. संपली. नाही बन्या, मुलीचं नाव नाही सांगत, तू उद्या ठेव. आता डोळे मिटा. तसे नाही. झोपेच्या गावी निघताना काय म्हणायचं? 'जाते' नाही म्हणायचं. शकू, म्हण बघू.

हां. ये हो.